सुभद्रेसाठी गायले, वाट्याला कुसुमावती आली. नाटक सोडू का?

तुम्ही खानापूरहून विचारलंय की सात वर्षं गाणं शिकून ‘संगीत सौभद्र’साठी निवड चाचणी दिली, नायिका सुभद्रेची पदं म्हटली आणि यादीत नाव आलं ते तिची सखी कुसुमावती हिच्यासमोर. तुमच्या संहितेत तिला एकही पद नाही. सोमवारपासून तालमी आहेत, जावं की नाही?

जा, असंच मी म्हणेन. पण तुम्हाला आत्ता जे होतंय ते मला ठाऊक आहे, म्हणून आधी माझं सांगते.

१९९८ साली मी २३ वर्षांची होते. बेळगावातल्या एका हौशी मंडळानं हेच नाटक बसवायला घेतलं होतं आणि सुभद्रा आपल्यालाच मिळणार असं मी धरून चालले होते. काळी चार पट्टीत वरचा षड्ज, म्हणजे वरचा सा, मी न ओरडता लावायची, परीक्षा झाल्या होत्या, टिळकवाडीतल्या गणेशोत्सवात दर वर्षी माझं गाणं असायचं. यादी हॉलच्या दाराला चिकटवली होती. माझं नाव अगदी खाली: नांदी आणि प्रॉम्प्टिंग. सुभद्रा मिळाली माझ्याहून दोन वर्षांनी लहान असलेल्या, कन्नड माध्यमात शिकलेल्या एका मुलीला.

त्या रात्री आईला मी म्हटलं, “मराठी नाटकाला मराठी वाचणारी मुलगी मिळाली नाही होय यांना?” हे आज लिहितानाही जड जातं. आपल्या भागात असं वाक्य किती सहज तोंडात येतं आणि किती खोल लागतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. आई एवढंच म्हणाली, “चार दिवस रड की. मग जाऊन बघ तरी ती काय करते.”

पाचव्या दिवशी गेले. प्रॉम्प्टरची खुर्ची ऑर्गनच्या शेजारी होती आणि तिथून मला तिची वही दिसायची. अख्खी संहिता तिनं कन्नड अक्षरांत उतरवून घेतली होती. ‘चंद्र’मधला च वेगळा, ‘चांदणं’मधला वेगळा. लिहिताना आपणही दोन्हीकडे एकच अक्षर लिहितो, फक्त कानाच्या सवयीनं चुकत नाही. तिच्या कानाला ती सवय नव्हती, म्हणून ‘चांदणं’तला च किंवा ‘जागा’तला ज आला की तिनं अक्षराखाली लाल पेनानं टिंब दिलं होतं. पानंच्या पानं लाल टिंबं. माझी संहिता कोरी होती, एक खूणही नव्हती तिच्यावर.

दुसरी गोष्ट ऑर्गनवाल्या काकांनी सांगितली, तीही मी विचारलं तेव्हा. “पद म्हणायच्या आधी तू थांबतेस. पदर सारखा करतेस, समोर बघतेस, मग सूर घेतेस. तिथं सुभद्रा गेली आणि गाणारी मुलगी उभी राहिली.” आणि ती मुलगी? शेवटचं गद्य वाक्य बोलता बोलता तिचा आवाज पट्टीजवळ यायचा, काका त्या वाक्याखाली हलकेच षड्ज धरायचे आणि पद नेमकं कुठे सुरू झालं हे कळायचंसुद्धा नाही.

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या नाटकाला हेच लागतं. त्यांच्याआधीच्या पौराणिक खेळांत बरीचशी पदं सूत्रधार म्हणायचा. १८८० साली ‘शाकुंतल’ आणि १८८२ साली ‘सौभद्र’ आणताना अण्णासाहेबांनी पदं पात्रांच्याच तोंडी दिली. साकी, दिंडी अशा कुठल्याही छंदातलं पद असो, ते पात्राचं बोलणंच असतं. मी चाचणीत मैफल केली होती. आणि अण्णासाहेब कुठले? १८४३ साली जन्मले ते आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, पदांसाठी कर्नाटकी चाली मोकळ्या मनानं उचलणारे. हे मला शाळेपासून पाठ होतं, तरी त्या वहीतली कन्नड अक्षरं बघून मी तोंड वाकडं केलं होतं.

पुढे काही वर्षांनी मी निवड करणाऱ्यांत बसले, तेव्हा टेबलाची दुसरी बाजू कळली. आपल्याकडे गाणारा पुरुष मिळणं फार अवघड, म्हणून अर्जुन आणि कृष्ण आधी ठरतात. मग त्यांच्या शेजारी कोण शोभेल ते बघतात. एकदा फार सुरेख गळ्याच्या मुलीला आम्ही सुभद्रा दिली नाही, कारण आमचा अर्जुन तिच्या खांद्याला लागत होता. मला ते अजून सलतं. कधी खानापूरची शेवटची बस आड येते, रात्री दहापर्यंत तालीम म्हटलं की घरचे नको म्हणतात. आणि हो, कधी वशिलाही असतो. पदाधिकाऱ्यांच्या घरातली मुलगी म्हणून भूमिका दिलेली मी पाहिली आहे. तुमच्या बाबतीत यातलं काय झालं हे यादी बघून कळत नाही, म्हणून ‘माझा गळाच वाईट’ हा निष्कर्ष तुम्ही एकट्यानं काढू नका.

दिग्दर्शकांना विचारा, पण या आठवड्यात नको. डोळ्यांत पाणी असताना विचारलं की समोरचा माणूस समजूत काढतो, खरं सांगत नाही. दहा-बारा दिवसांनी, तालीम सुटल्यावर, “सर, पुढच्या वेळेसाठी एक गोष्ट सांगा” एवढंच म्हणा. ‘मला का नाही’ असा प्रश्न केला तर ते दुसऱ्या मुलीचे गुण सांगत बसतील, तुमचं राहूनच जाईल.

मन अजिबातच होत नसेल तर उद्याच नाही कळवा. त्यात गुन्हा काही नाही, त्यांना दुसरी कुसुमावती शोधायला वेळ मिळेल. होकार देऊन पंधराव्या दिवशी गळणं मात्र करू नका, त्यानं सगळ्यांच्या तालमी मोडतात. आणि सुभद्रा झालेल्या मुलीबद्दल चहाच्या टपरीवरसुद्धा बोलू नका. बेळगाव-खानापुरात नाटकवाली माणसं मोजकी, रात्रीतून पोचतं.

गेलात तर एक काम करा. सुभद्रा पद म्हणते तेव्हा ते सखीला सांगत असते. ऐकणारी नुसती उभी राहिली तर प्रेक्षकही नुसते बसून राहतात. तुमच्या संहितेत बघा, पदाच्या लगेच आधीचं वाक्य एखाद्या ठिकाणी तरी कुसुमावतीचं असेल. ते शोधा, ऑर्गनवाल्यांना सूर धरायला सांगा आणि त्या सुराच्या जवळ राहून ते वाक्य बोलून बघा. सात वर्षं शिकलेला गळा तिथं लागतो. सुभद्रेला पट्टी त्या वाक्यातूनच मिळेल.