जुन्या झेनच्या गिअरबॉक्समध्ये कोणते ऑइल भरावे?

आपल्या प्रश्नातली माहिती अशी आहे: गाडी २००१ सालची मारुती झेन, वापर डिचोली परिसरात, सकाळी पहिल्यावरून दुसरा गिअर टाकताना ‘कर्र’ असा आवाज येतो. मेकॅनिक १४० नंबरचे जाड ऑइल भरायला सांगतो, तर दुकानदाराच्या मते गिअर ऑइलच्या वर्गवारीतल्या जीएल-४ पेक्षा जीएल-५ वरच्या दर्जाचे असल्यामुळे तेच घ्यावे. माझे स्पष्ट मत असे की या बाबतीत दोघांचेही ऐकू नये. एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) जीएल-४ दर्जाचे, ७५डब्ल्यू-९० किंवा ८०डब्ल्यू-९० ग्रेडचे (म्हणजे जाडीचे) ऑइल घ्यावे. गाडीसोबत आलेली पुस्तिका सापडली, तर तीत लिहिलेल्या ग्रेडला माझ्या मतापेक्षा अधिक मान द्यावा. मी फोंड्याला राहतो, माझ्याकडे त्याच काळातली एस्टीम आहे आणि तिची किरकोळ कामे मी स्वतः करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम दुकानदाराचा मुद्दा. जीएल-४ आणि जीएल-५ या एकाच शिडीच्या खालच्या-वरच्या पायऱ्या नाहीत; ती दोन वेगळ्या कामांसाठी केलेली ऑइले आहेत. बोलेरो, जिप्सी किंवा जुनी अँबॅसडर यांसारख्या गाड्यांच्या मागच्या अ‍ॅक्सलमध्ये क्राउन आणि पिनियन (फिरत काटकोनात वळवून चाकांकडे नेणारी गिअरची जोडी) असतात. त्यांचे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, तर प्रचंड दाबाखाली घसरतातही, आणि त्या घसरणीत पोलाद वाचावे म्हणून जीएल-५ मध्ये गंधक व फॉस्फरस असलेल्या रसायनांची मात्रा बरीच जास्त ठेवलेली असते. आपल्या झेनमध्ये इंजिन आडवे बसवलेले आहे, ओढ पुढच्या चाकांना आहे आणि डिफरन्शियल (वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची रचना) गिअरबॉक्सच्याच पेटीत आहे. तिथे तिरप्या दातांचे साधे गिअर असल्यामुळे एवढ्या संरक्षणाची गरजच पडत नाही.

गरज नसलेली गोष्ट जास्त असली तर बिघडले कुठे, असे आपण म्हणाल. बिघडते ते सिंक्रोनायझरच्या (गिअर बसण्याआधी वेग जुळवणाऱ्या यंत्रणेच्या) पितळी रिंगपाशी. आपण गिअर टाकता तेव्हा ही रिंग गिअरच्या शंकूसारख्या भागावर दाबली जाते, तिच्या आतल्या बारीक खाचा मधला ऑइलचा पापुद्रा तोडतात, आणि घर्षणामुळे दोन्ही भागांचा वेग सारखा झाल्यावरच दात दातांत बसतात. म्हणजे गिअरबॉक्समध्ये इतर सर्व ठिकाणी घर्षण नको असते, पण इथे मात्र ते हवेच असते. ऑइल वाजवीपेक्षा जास्त निसरडे असेल तर रिंग घसरत राहते, वेग जुळत नाही, आणि आपण ऐकता तो आवाज येतो. शिवाय गंधकाचे सक्रिय संयुग गरम झाल्यावर पितळेतल्या तांब्याला खाते. अलीकडच्या जीएल-५ ऑइलांत ही झीज पूर्वीपेक्षा कमी होते हे खरे, परंतु घर्षणाचा प्रश्न तसाच राहतो. डब्यावर ‘जीएल-४/जीएल-५’ असे दोन्ही छापलेले असेल, तर त्यातली रसायनांची मात्रा सहसा जीएल-५ ची असते असे समजून तो बाजूला ठेवावा. आपल्याकडे बऱ्याच डब्यांवर पुढे ठळक अक्षरांत फक्त ‘ईपी ९०’ (ईपी म्हणजे जास्त दाब सोसणारे) असते आणि जीएलचा आकडा मागे बारीक अक्षरांत दडलेला असतो. पैसे देण्याआधी डबा उलटून पाहायला संकोच करू नये.

आता जाडीविषयी. गिअर ऑइलचा ९० हा आकडा इंजिन ऑइलच्या ४० च्या दुपटीहून जाड, असा समज सर्रास आढळतो, आणि तो चुकीचा आहे, कारण दोन्हींची मोजपट्टीच वेगळी आहे. १०० अंश सेल्सिअसला ९० ग्रेडच्या गिअर ऑइलची जाडी १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक (जाडी मोजण्याचे एकक), तर ४० ग्रेडच्या इंजिन ऑइलची १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक असते. म्हणजे दोन्ही जवळजवळ शेजारीच बसतात. (त्या काळच्या होंडा गाड्यांच्या पुस्तिकांत तर कंपनीचे खास ऑइल न मिळाल्यास गिअरबॉक्समध्ये तात्पुरते १०डब्ल्यू-३० इंजिन ऑइल चालेल असे लिहिलेले असे. झेनला हा प्रयोग करू नये.) १४० ग्रेड मात्र किमान २४ सेंटिस्टोकपासून सुरू होतो. इतके जाड ऑइल भरल्यावर घरघर कमी ऐकू येते, म्हणून ते भरण्याची पद्धत पडली असावी. पण त्याचा पापुद्रा रिंगला लवकर तोडता येत नाही आणि सकाळचा दुसरा गिअर अधिकच अडतो.

‘डब्ल्यू’ च्या आधीचा आकडा थंडीतल्या प्रवाहीपणाचा असतो. ७५डब्ल्यू ची कसोटी उणे ४० अंशांची आणि ८०डब्ल्यू ची उणे २६ ची. गोव्यात या दोन्हींचा संबंध येत नाही. तरीही ७५डब्ल्यू-९० बहुधा सिंथेटिक असते आणि पंचवीस अंशांच्या सकाळीही थोडे पातळ वाहते, म्हणून आपल्या तक्रारीसाठी मी तेच आधी निवडीन.

परंतु ऑइल विकत घेण्यापूर्वी क्लच तपासा. इंजिन बंद असताना सर्व गिअर सहज पडतात आणि चालू असताना सगळेच अडतात, असे असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही. झेनचा क्लच केबलचा असल्यामुळे ती ताणून घेतल्यावर काम भागू शकते. फक्त रिव्हर्सला आवाज येत असेल तर तिकडे लक्षच देऊ नये, कारण त्या काळच्या बहुतेक गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोनायझर नसतो; क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबले की पुरते.

ऑइल बदलताना आधी भरण्याचा बोल्ट सैल होतो का ते पाहावे आणि मगच खालचा काढावा. समुद्राच्या हवेत हे बोल्ट इतके गंजून बसतात की जुने ऑइल सांडून गेल्यावर वरचा बोल्ट हलत नाही असे लक्षात आले, तर गाडी जागच्या जागी अडकते. गाडी थोडी चालवून आणल्यावर ऑइल काढावे आणि ते पांढऱ्या भांड्यात घेऊन उन्हात न्यावे. बोल्टच्या चुंबकाला राखाडी चिखलासारखा थर असणे नेहमीचे आहे. ऑइल हलवल्यावर सोनेरी चुरा चमकत असेल तर ते रिंगचे पितळ आहे. आणि रंग दुधाळ चहासारखा असेल तर आत पाणी गेले आहे; पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यावरून किंवा भरतीच्या वेळी फेरीबोटीच्या धक्क्यावरून गाडी नेल्यास तापलेला गिअरबॉक्स अचानक थंड होऊन ब्रीदरमधून (हवा जाण्यायेण्याच्या भोकातून) पाणी आत ओढतो. तसे आढळल्यास नवे ऑइल भरून काही दिवस गाडी चालवावी आणि तेही एकदा बदलावे. भरताना लिटर मोजत बसू नये: गाडी सपाट जागी ठेवावी आणि ऑइल भरण्याच्या भोकाच्या काठाला आले की थांबावे.

नव्या ऑइलनंतरही दुसरा गिअर गाडी गरम असताना आवाज करत राहिला, तर रिंग झिजली आहे आणि ती कोणत्याही डब्याने भरून येणार नाही. मग गिअरबॉक्स उतरवावा लागेल; त्याच वेळी क्लच प्लेट आणि इनपुट शाफ्टचे (इंजिनकडून फिरत आत आणणाऱ्या दांड्याचे) ऑइल सील बदलून घ्यावे, नाहीतर त्यांच्यासाठी उतरवण्याची मजुरी पुन्हा द्यावी लागेल.