महाबळेश्वरला घर घेण्याआधी एक पावसाळा भाड्याने राहा

डिसेंबरात घर बघून बयाणा देऊ नका. तेव्हा इथलं प्रत्येक घर सुंदरच दिसतं. आधी भाड्याने राहा, आणि त्यात जुलै यायलाच हवा.

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या निम्माही नाही, म्हणून बारमाही राहायचं तर मी पाचगणी किंवा भिलारकडची बाजू सुचवेन. दरीच्या तोंडावरचं घर पर्यटकाला शोभतं. राहणाऱ्याने पश्चिमेची भिंत बघावी. तिला पावसाळ्यात पत्रे बांधायला लागत असतील तर आत कपाटामागे हात फिरवा, बुरशीचा वास येतोच. धुकं आठवडाभर हलत नाही, गाद्या दमट राहतात, कपडे वाळत नाहीत.

शाळा आणि किराणा पायी गाठता येईल इतकं जवळ राहा. मोठ्या दुखण्याला वाई-साताऱ्याला उतरावं लागतं, आणि पसरणी घाटात रात्रीच्या धुक्यात गाडी चालवणं सोपं नाही. घरात वयस्कर माणसं असतील तर हे आधी बघा, व्ह्यू नंतर.

कागदपत्रांत ढिलाई नको. 2001 पासून हा भाग इको-सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे बांधकामावर निर्बंध असलेलं पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र आहे. सातबारा, एनए (बिगरशेती) आणि बांधकाम परवानगी वकिलाकडून तपासून घ्याच.