स्टेम सेल इंजेक्शनसाठी भरलेली आगाऊ रक्कम परत मिळेल का?

प्रश्न : आम्ही खारघरला राहतो. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला सिस्टेमिक प्रकारचा (सर्व शरीरावर परिणाम करणारा) बालसंधिवात आहे. मेथोट्रेक्सेट व टोसिलिझुमॅब ही औषधे देऊनही ताप आणि सूज पुन्हा उद्भवते. ठाण्यातील एका क्लिनिकने नाळेपासून वाढवलेल्या स्टेम सेलची (मूलपेशींची) इंजेक्शने सुचवून दोन लाख रुपये आगाऊ घेतले आणि ‘रक्कम परत मिळणार नाही’ असे लिहिलेल्या संमतिपत्रावर माझी सही घेतली. आता काय करावे?

उत्तर : पैशांचा विचार दुसरा, इंजेक्शनची ठरलेली तारीख आजच लेखी कळवून रद्द करावी. उपचार सुरू होण्यापूर्वी पालक म्हणून दिलेली संमती आपण केव्हाही मागे घेऊ शकता, सही झालेली असली तरीही.

आपण ज्या स्टेम सेल प्रत्यारोपणाविषयी वाचले असेल, ते हे नव्हे. नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथे बालसंधिवात असलेल्या चार मुलांवर केलेल्या प्रत्यारोपणाचा अहवाल 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात मुलाच्याच रक्तपेशी घडवणाऱ्या स्टेम सेल काढून ठेवतात, तीव्र औषधांनी त्याची प्रतिकारशक्ती जवळजवळ पुसून टाकतात आणि मग त्या पेशी परत देतात. पुढे या उपचारातील गुंतागुंतीमुळे काही मुले दगावलीही. असा उपचार बाह्यरुग्ण विभागातील इंजेक्शनाने होत नाही.

2019 च्या नवीन औषधे व क्लिनिकल चाचणी नियमांनुसार स्टेम सेलपासून बनवलेले औषधी उत्पादन ‘नवीन औषध’ ठरते आणि केंद्रीय परवान्याशिवाय ते देता येत नाही. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) 2017 ची मार्गदर्शक तत्त्वेही रक्तविकारांसारख्या मान्य कारणांपलीकडचा वापर केवळ मंजूर चाचणीतच मान्य करतात. ‘आमच्या पेशींवर फारशी प्रक्रिया केलेली नाही, म्हणून त्या औषध ठरत नाहीत’, असा बचाव क्लिनिक बहुधा करील. परंतु प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींबाबत तो मला टिकण्याजोगा वाटत नाही. म्हणून क्लिनिकला पाठवायच्या नोटिशीत परवान्याची किंवा चाचणीच्या नोंदणीची प्रत अवश्य मागावी. ती नसेल, तर करार कायद्याच्या कलम 23 नुसार बेकायदेशीर उद्देशाचा करार शून्य (रद्दबातल) ठरतो, आणि तो तसा असल्याचे नंतर उघड झाल्यास घेतलेला लाभ परत करण्याची जबाबदारी कलम 65 घालते. ‘रक्कम परत नाही’ या ओळीवर क्लिनिकला विसंबून राहता येणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पावती, बँकेची नोंद, व्हॉट्सॲपवरील आश्वासने आणि संमतिपत्राची प्रत जपून ठेवावी. वैद्यकीय कागदपत्रे मागितल्यावर 72 तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. पंधरा दिवसांची मुदत देऊन नोटीस पाठवावी आणि दाद न मिळाल्यास दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे जावे. खारघर नवी मुंबईचा भाग असले, तरी ते रायगड जिल्ह्यात येते. त्यामुळे राहत्या ठिकाणावरून रायगडच्या जिल्हा आयोगात, किंवा क्लिनिक तेथे असल्याने ठाण्याच्या आयोगात, अशी निवड आपल्या हाती आहे. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने तक्रारीला शुल्क नाही. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडील तक्रार वेगळी करावी, कारण परिषद डॉक्टरवर कारवाई करू शकते, पैसे परत मिळवून देत नाही.