वाचकांचे प्रश्न : जैसलमेरला जाताना

प्रश्न : मरु महोत्सव पाहायला जैसलमेरला जायचं आहे. तारीख कशी ओळखायची, आणि बेळगावहून किती दिवस काढावे लागतील? (निपाणी)

तारीख पंचांगात सापडते. उत्सव माघ शुद्ध पक्षात येतो आणि पौर्णिमेला संपतो. उत्तरेकडे महिना पौर्णिमेनंतर बदलतो, आपल्याकडे अमावास्येनंतर. तरी शुद्ध पक्षात दोन्हीकडे महिन्याचं नाव एकच असतं, म्हणून घोटाळा होत नाही. मुख्य कार्यक्रम शहरात होतात. गडीसर तलावावरून शोभायात्रा निघते, पगडी बांधण्याच्या आणि मिशांच्या स्पर्धा होतात, उंटांची सजावट आणि उंटांवरचा पोलो असतो. शेवटची संध्याकाळ सम गावच्या वाळूच्या टेकड्यांवर, चांदण्यात.

बेंगळुरू-जोधपूर एक्स्प्रेस बेळगाव-मिरज मार्गे जाते, पण रोज नाही. त्यामुळे आधी गाडीचा वार बघा आणि मग बाकीचं ठरवा. जाताना एक रात्र गाडीतच जाते. जोधपूरहून पुढे जैसलमेर सुमारे 280 किलोमीटर, तिथे रेल्वेही आहे आणि बसही. जाणं-येणं धरून आठ दिवस हाताशी ठेवा. आरक्षण 60 दिवस आधी खुलं होतं. पौर्णिमेच्या आठवड्यात खोल्यांचे भाव चढतात, तेव्हा तिकीट आणि खोली एकाच दिवशी नक्की करा.

प्रश्न : आमचं भजनी मंडळ आहे. वाळवंटातल्या तंबूंमध्ये रात्री डीजेच वाजतो, असं कळलं. मग मांगणियारांचं, म्हणजे तिथल्या परंपरागत लोकगायकांचं, गाणं ऐकायचं कुठे? (शहापूर, बेळगाव)

तंबूंच्या मुक्कामात कलाकार असतात, पण बहुतेक ठिकाणी त्यांच्या वाट्याला अर्धा-पाऊण तास येतो, तोही ध्वनिक्षेपकावर. कमायचा, म्हणजे त्यांचं गजानं वाजवायचं तंतुवाद्य, तसा ऐकूच नये. आंब्याच्या एकाच लाकडातून कोरलेलं गोल पोट, त्यावर बकरीचं कातडं, मुख्य तारा आतड्याच्या. त्याचा खर्जातला घुमारा दहा हातांच्या आत बसलात तरच अंगावर येतो. खडतालचंही तसंच. शिसवीच्या चार पट्ट्या, दोन्ही हातांत दोन-दोन. ध्वनिक्षेपकातून नुसता खडखडाट ऐकू येतो, बोटांचं काम कळतच नाही.

म्हणून तंबू ठरवतानाच तीन गोष्टी विचारून घ्या: डीजे किती वाजता सुरू होतो, कमायचा वाजवणारा आहे का (पुष्कळ ठिकाणी फक्त हार्मोनियम आणि ढोलक असतो), आणि ध्वनिक्षेपकाशिवाय बैठक होईल का. दहा-बारा जण असाल तर तंबू सोडूनच द्या. शहरात राहा आणि मुक्कामाच्या यजमानाकरवी मांगणियारांची स्वतंत्र बैठक ठरवा. बिदागी आधी बोलून घ्या आणि ती कलाकाराच्याच हातात द्या. हमीरा हे जैसलमेरजवळचं गाव कमायचावादक साकर खान यांचं. 2012 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या परिसरातल्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या गाणारी घरं आहेत. हे गायक मुसलमान, त्यांचे परंपरागत यजमान बहुतेक राजपूत, आणि गाण्यात कृष्णही येतो, पीरही येतो. भजनी मंडळाला त्यांच्याशी बोलायला पुष्कळ सापडेल. मांड हा राजस्थानी गायनप्रकार ऐकवायला सांगा आणि फर्माइशींची घाई करू नका. पहिली अर्धी घटका नुसती वाद्यं लागू द्या.

माघात जमत नसेल तर कोजागरीच्या सुमारास जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यावर लोकसंगीताचा मोठा महोत्सव भरतो. तोही चांगला पर्याय आहे.

प्रश्न : सत्तरीची आई बरोबर आहे. तिला उंटावर बसवावं का? थंडी किती असते? (खानापूर)

गुडघे किंवा कंबर दुखत असेल तर बसवू नका. उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो, त्यामुळे बसणारा एकदम पुढे झुकतो. बसताना तो पुढचे गुडघे टेकतो, तेव्हाही झोक पुढेच जातो. दोन्ही वेळी अंग मागे टाकून खोगिराचा दांडा घट्ट धरावा लागतो, आणि माणसं पडतात ती बहुधा उतरताना, बेसावध असताना. समला उंटगाडी मिळते, आईंसाठी तीच ठरवा. सम शहरापासून सुमारे 40 किलोमीटर आहे. सूर्यास्ताच्या दीड तास आधी पोहोचलात तर वाळूत चालायला निवांत वेळ मिळतो. गर्दी नको असेल तर खुडी गाव बघा.

जानेवारीत रात्रीचा पारा 7-8 अंशांपर्यंत उतरतो आणि दुपारी ऊन चटका देतं. एका जाड कोटापेक्षा तीन पातळ थर बरे. कानटोपी आणि पायमोजे घ्याच, कारण सूर्य बुडाला की वाळू पटकन गार पडते.

प्रश्न : जैसलमेरहून केर-सांगरी (वाळवंटी झुडपाची वाळवलेली फळं आणि शेंगा) आणली. रात्रभर ताकात भिजवून भाजी केली, तर केर कडू आणि सांगरी चिवट. काय चुकलं? (संकेश्वर)

दोन्ही एकत्र भिजवलंत, हे चुकलं. केरांचा कडवटपणा ताकात उतरतो, म्हणून केरांना ताक हवं. सांगरीला मात्र आंबट चालत नाही. आंबटात शेंग मऊ होत नाही, वर केरांचा कडूपणाही ती शोषते. सांगरी म्हणजे दसऱ्याला आपण पूजतो त्या शमीच्या कोवळ्या, वाळवलेल्या शेंगा.

100 ग्रॅम सांगरीला 40 ग्रॅम केर घ्या. कोमट पाण्यात चार-पाच वेळा चोळून धुवा, तळाला वाळू दिसेनाशी होईपर्यंत. केर आंबट ताकात आणि सांगरी साध्या पाण्यात, आठ-दहा तास. ते ताक आणि पाणी फेकून द्या. नव्या पाण्यात वेगवेगळं उकडा. शेंग नखानं सहज तुटली की झालं. चाळणीत निथळून दाबून कोरडं करा.

पाव वाटी तेल तापवून जिरं, हिंग, ओवा आणि चार सुक्या मिरच्या टाका. अर्धी वाटी दह्यात हळद, दोन चमचे धणेपूड आणि तिखट कालवून ते मंद आचेवर तेल सुटेपर्यंत परता. आच मोठी झाली तर दही फाटतं. मग केर-सांगरी आणि मीठ घालून झाकण ठेवा, दहा मिनिटं. शेवटी चमचाभर आमचूर आणि मूठभर बेदाणे. संकेश्वरी मिरची तिखट असते, तेव्हा निम्मीच घ्या आणि रंगासाठी ब्याडगी वापरा. कांदा, लसूण, ओलं खोबरं घालण्याचा मोह आवरा. खोबऱ्यानं ही भाजी लवकर खराब होते आणि तिची आंबट-तुरट चव झाकली जाते. तेलही कमी करू नका, भाजी टिकते ती तेलावर. बाजरीच्या गरम भाकरीबरोबर वाढा.

प्रश्न : जैसलमेरच्या किल्ल्याच्या आतल्या हॉटेलात राहावं का? (चिकोडी)

बाहेर राहा. हा किल्ला 1156 पासूनचा, आणि आत आजही लोकवस्ती आहे. नळ आणि न्हाणीघरांचं पाणी पायाच्या मातीत झिरपून बुरूज खचले आहेत, आणि प्रत्येक मुक्कामी त्या पाण्यात भर घालतो. बाहेरच्या गच्चीवरून पिवळा दगड संध्याकाळी पूर्ण दिसतो, तो आतून दिसत नाही. आतली जैन मंदिरं सकाळीच गाठा, नंतर ती पाहुण्यांसाठी बंद होतात.