बाबांचा फ्लॅट तारण ठेवून लिमरिकला? यंदा नको

मेल वाचला. वय 27, मेकॅनिकल बीई, अंबड एमआयडीसीत सर्व्हिस डिपार्टमेंटला 42 हजार पगार, मशीनची मॅन्युअल्स लिहायचं काम अंगावर पडलं आणि तेच आवडायला लागलं. आता आयर्लंडच्या लिमरिक युनिव्हर्सिटीची टेक्निकल कम्युनिकेशनच्या एक वर्षाच्या एमएची ऑफर हातात आहे. तुमच्याच हिशोबाने खर्च 28 लाख, त्यात 3 तुमचे, 25 लोन, तारण बाबांचा नाशिकचा फ्लॅट, आणि बाबा येत्या मार्चला रिटायर.

माझं मत, जा, पण यंदा नको.

हप्ता बघा ना. साडेदहा टक्के, दहा वर्षं. कोर्सचं वर्ष आणि नंतरचे सहा महिने हप्ता नसतो पण व्याजाचं मीटर चालूच राहतं, ते धरून मुद्दल साडेअठ्ठावीस लाखांच्या आसपास जाईल आणि ईएमआय साडेअडतीस हजार. तिकडे नोकरी लागली तर युरो शंभराचा धरून 385 युरो, जड नाही. पण परत यावं लागलं आणि पुण्यात साठ हजारांची नोकरी मिळाली तर हप्ता जाऊन एकवीस हजार उरतात, त्यात भाडं, डबा, पेट्रोल सगळं. एमए झाल्यावर आयर्लंडमध्ये दोन वर्षांपर्यंत राहता येतं हे खरंय, फक्त तेवढ्यात वर्क परमिटवर घेणारी कंपनी भेटली पाहिजे.

एजंटने एज्युकेशन लोनच्या व्याजावरची 80ई ची टॅक्स सूट सांगितली म्हणे. ती फक्त जुन्या रेजिममध्ये आहे, तुमच्या आत्ताच्या पगारावर टॅक्सच लागत नाही, आणि उद्या कमाई आयर्लंडमध्ये झाली तर इथे सूट घेणार कशातून? तो आकडा हिशोबातून काढून टाका.

आता फील्डबद्दल. माझी वहिनी पुण्यात पंधरा वर्षं टेक रायटर आहे, तिलाच विचारलं. ती म्हणाली इंटरव्ह्यूला डिग्री कुणी फारशी बघत नाही, सॅम्पल मागतात, आणि डिटा (मजकूर सुटे तुकडे करून लिहायची पद्धत), मॅडकॅप फ्लेअर (मॅन्युअल बनवायचं सॉफ्टवेअर), गिट (फाइलमधले बदल सांभाळणारं टूल) यातलं काय येतं ते विचारतात. अमेरिकेतली या लोकांची जुनी संस्था, एसटीसी, 1953 पासूनची, जानेवारी 2025 मध्ये दिवाळखोरीत बंद पडली. तेवढ्यावरून धंदा बुडाला असं नाही, पण नुसतं सॉफ्टवेअरचं हेल्प पेज लिहिणाऱ्यांना एआयमुळे घाम फुटलाय हे वहिनीनेही मान्य केलं. तुमची गोष्ट वेगळी, तुम्ही स्वतः मशीन उघडलेलं आहे.

तुम्ही पाठवलेलं पान तिला दाखवलं. तिसऱ्या स्टेपला कव्हर काढायला सांगितलंय आणि मेन स्विच बंद करायची वॉर्निंग त्याच्या खाली, पाचव्या ओळीत. वाचणारा तोवर कव्हर काढून बसलेला असतो! ती म्हणाली, मुलीला मशीन कळतं, आता शिस्त शिकायची. विमानांच्या मॅन्युअलसाठी सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश नावाचं स्टँडर्ड आहे, एएसडी-एसटीई100, त्यात स्टेपचं वाक्य वीस शब्दांच्या वर जाऊ देत नाहीत, एका शब्दाचा एकच अर्थ, म्हणजे 'क्लोज' म्हणजे फक्त बंद करणे, 'जवळ' साठी 'निअर' वापरायचं. हे स्टँडर्ड फुकट मागवता येतं. एवढं शिकायला फ्लॅट लागत नाही.

म्हणून मी असं करीन. युनिव्हर्सिटीला ऑफर दोन वर्षं पुढे ढकलता येईल का विचारा, डिपॉझिट भरायच्या आधी. 3 लाखातले साठ-सत्तर हजार टूल्स आणि एखाद्या चांगल्या कोर्सवर घाला, बाकीला हात लावू नका. कंपनीच्या मॅन्युअलमधली दोन-तीन प्रकरणं नव्याने लिहा, कंपनीचं नाव आणि गोपनीय ड्रॉइंग काढून त्याचा पोर्टफोलिओ करा, आणि पुण्या-बंगलोरच्या ऑटो, मेडिकल डिव्हाइस, एरोस्पेसवाल्यांकडे टेक रायटर म्हणून अप्लाय करा. दोन वर्षं त्या पोस्टवर काढलीत, महिन्याला वीस-पंचवीस हजार बाजूला पडले, तर लोन 25 ऐवजी 20-21 वर येईल आणि आयर्लंडमध्ये तुम्ही फ्रेशर नसाल, परमिटचं बोलणं तिथेच सोपं होतं. वर्षभरात एकही इंटरव्ह्यू कॉल आला नाही, तर 28 लाख न घालवता तेवढं कळलं असं समजा.

तरी यंदाच जायचं असेल तर निदान लोनएवढा टर्म प्लॅन घ्या आणि सहा हप्ते, म्हणजे सव्वादोन लाखांच्या वर, वेगळ्या एफडीत ठेवून मगच विमानात बसा.

आणि मेलच्या शेवटी सहज लिहिलंय की फ्लॅटचं बाबांशी अजून बोलले नाहीये. मला विचारायच्या आधी ते व्हायला हवं होतं. आज रात्री बोला, ईएमआयचा आकडा कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेवा.