आधी फाइल्स, मग लिनक्स

सरकारी कार्यालयात रुजू झाल्या झाल्या सगळे संगणक विंडोजवरून लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर न्यायचा उत्साह आला असेल, तर जरा आवर. टिपणं, तक्ते करायच्या लिब्रेऑफिस या सॉफ्टवेअरपासून सुरुवात कर. ते विंडोजवरही चालतं, कोणाचं काम अडत नाही.

खरी डोकेदुखी जुन्या मराठी फाइल्सची. युनिकोड (सगळ्या संगणकांना समजणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली टिपणं तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की अगम्य चिन्हं दिसतात, आणि खापर फुटतं नव्या सॉफ्टवेअरवर. म्हणून आधी त्या युनिकोडमध्ये आण. नवं टायपिंग इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्डवर. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर रफार आणि जोडाक्षरांत गडबडतो, तेव्हा एखाद्या मुरलेल्या लिपिकाकडून तपासून घे. (त्यांना अमृततुल्यचा चहा पाज. निम्मा प्रकल्प तेच तारणार आहेत.)

डिजिटल सहीचं टोकन (संगणकाला जोडायचं छोटं यूएसबी उपकरण) लिनक्सवर चालतं का, हे लेखा शाखेच्या टेबलावर स्वतः करून बघ. पुरवठादार 'हो' म्हणणारच.

निविदेसाठी केंद्राचं २०१५ चं ओपन सोर्स (लिनक्ससारखं, कोड सर्वांना खुला असलेलं सॉफ्टवेअर) धोरण वाच. प्रस्ताव मागवताना ओपन सोर्सचाही विचार व्हावा, आणि तो वगळला तर पुरवठादाराने कारण द्यावं, असं त्यात आहे. ते केंद्राच्या कार्यालयांना लागू आहे, राज्यांना स्वीकारलं तरच. त्यामुळे तुझं कार्यालय कशात मोडतं ते आधी बघ.

आणि साहेबांसमोर 'फुकट' हा शब्द काढू नकोस. परवान्याचे पैसे वाचतात. प्रशिक्षण आणि देखभालीचे लागतातच. ते अंदाजपत्रकात आत्ताच मागून ठेव. मार्चअखेरीला मात्र कोणाच्याही संगणकाला हात लावू नकोस.