वय झाल्यावर समाधानासाठी कुटुंब महत्त्वाचं की मित्रमैत्रिणी? तरुणपणी आणि म्हातारपणी यात फरक पडतो का?

फरक पडतो, आणि म्हातारपणी मैत्रिणी जास्त लागतात. यावरून आम्हा भावंडांत कडाक्याचं भांडण झालंय, म्हणून लिहिते.

बाबा गेल्यावर दादा आईला मिरजेहून पुण्यात वाकडला घेऊन गेला. स्वतंत्र खोली, वेळेवर औषधं, नातू जवळ; दादा-वहिनीनं काही कमी केलं नाही. पण दिवसभर घरात कुणी नसायचं आणि खाली बागेत भेटणाऱ्या बायकांसाठी ती नुसती अमक्याची आई. तिला नावानं हाक मारणारं, अगं-तुगं करून हक्कानं झापणारं तिथं कुणीच नव्हतं. तिचं जेवण तुटलं. तपासण्यांत काही निघालं नाही. दादा म्हणायचा, "वय झालं की असं होतं. इथंही होतील मैत्रिणी."

नाही होत! स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांनी हेच मांडलंय: हातात वेळ थोडा उरलाय असं वाटू लागलं की माणूस नव्या ओळखींच्या मागं लागत नाही, जिव्हाळ्याची मोजकी माणसं धरून ठेवतो. तरुणांना नव्या शहरात माणसं जोडायची उमेद असते. सत्तरीतल्या बाईकडून ती अपेक्षा का करायची? मानसशास्त्रज्ञ विल्यम चोपिक यांच्या २०१७ च्या अभ्यासात ९७ देशांतले २ लाख ७१ हजार लोक होते. कुटुंबाला महत्त्व देणारे सगळ्याच वयांत सुखी दिसले, पण मैत्रीचा आरोग्याशी आणि सुखाशी असलेला संबंध उतारवयात आणखी घट्ट होत गेला. नातं कर्तव्यापोटीही निभावलं जातं. मैत्री हवीशी वाटते तोवरच टिकते.

मी आईला मिरजेला परत आणलं तर दादा म्हणाला, "लोक म्हणतील, मुलानं आईला बाहेर काढलं." म्हणू देत. भजनी मंडळ, भिशी, संध्याकाळी देवळाच्या पायरीवर गुडघ्यांपासून सुनांपर्यंतच्या गप्पा, सगळं पुन्हा सुरू झालंय. पोटभर जेवते.

अर्थात माणूस अंथरुणाला खिळलं किंवा स्मृती जायला लागली तर मैत्रिणी पुरणार नाहीत, त्याही सत्तरीतल्याच. आणि अशा अभ्यासातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही, हेही खरं.

पण तुम्ही आईवडिलांना आपल्याकडे न्यायचं ठरवत असाल, तर त्यांचं घर लगेच विकू नका, भाड्यानंही देऊ नका. वर्षभर कुलूप लावून ठेवा आणि किल्ली त्यांच्याच पिशवीत असू द्या. आमच्या दादानं बाबांच्या वर्षश्राद्धाआधीच गिऱ्हाईक शोधलं होतं. मी सही केली नाही, आणि करणारही नाही.